बटण दाबलं आणि बिघडलं तर?

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

आज कॉम्प्युटरबद्दल बोलायचं आहे. पण घाबरू नका, त्याच्या पोटातल्या भानगडी मलाही फारशा कळत नाहीत. मला बोलायचं आहे ते त्याच्यापुढे बसणाऱ्या माणसाबद्दल. आणि सुरुवात करायची आहे ती मच्छीमार नगरातल्या एका मावशींच्या प्रश्नापासून.

कफ परेडच्या मच्छीमार नगरात २००४च्या पावसाळ्यात काही संध्याकाळी मी कॉम्प्युटरची ओळख करून द्यायला जात असे. मासेमारी बंद होती. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, आणि एरवी ज्यांना उभ्या उभ्याही बोलायला सवड नसते अशी माणसं थोडी मोकळी. एका खोलीत कुठल्याशा कचेरीने जुना झाला म्हणून दिलेला कॉम्प्युटर होता. त्याला प्लास्टिकचं आवरण, आणि आवरणावर हळदकुंकवाची बोटं. तरुण पोरं पुढे खुर्च्यांवर, बायका मागे भिंतीला टेकून. त्यांच्यात साठीच्या एक मावशी होत्या. आयुष्यभर ससून डॉकवर पहाटे लिलावात बोली लावून मासळी उचललेली, पाटीभर मालाचा हिशेब तोंडी. मी म्हटलं, “मावशी, या, तुम्ही बसा.” त्या बसल्या, पण हात मांडीवरच. म्हणाल्या, “मास्तर, बटन दाबलं आनि बिघरलं तं? भरून कोन देनार?”

पोरं हसली. मीही हसलो, हे कबूल करतो. पण घरी जाताना लक्षात आलं की सामान्य माणसाला कॉम्प्युटर सोपा करून देण्याचा जो काही इतिहास आहे, तो सगळा या एका प्रश्नाला दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे. काही उत्तरं फार सुंदर होती. काही फसली. आणि एक उत्तर असं होतं की त्याने प्रश्नच गुंडाळून ठेवला. त्या शेवटच्या उत्तराबद्दल माझी तक्रार आहे. ती पुढे सांगतो.

मच्छीमार नगरातून कुलाब्याच्या टोकाकडे निघालात, की नेव्ही नगरच्या पलीकडे समुद्राला लागून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च ही संस्था लागते. बसने फार तर पाच-सात थांबे. आपल्या देशात बनलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक याच संस्थेचा. अमेरिकेतून शिकून आलेले आर. नरसिंहन १९५४ मध्ये तिथे रुजू झाले आणि त्यांच्या तरुण चमूने आधी एक छोटं प्रायोगिक यंत्र केलं, मग १९६० मध्ये मोठं यंत्र कामाला लावलं. १९६२ मध्ये त्याचं ‘टिफ्रॅक’ असं नाव ठेवलं गेलं. २७०० निर्वात नळ्या, १७०० डायोड, साडेबारा हजार रोधक. खोली भरून जाईल एवढं हे धूड. आणि त्याची स्मरणशक्ती किती? चाळीस बिटांचे २०४८ शब्द. म्हणजे सकाळी तुम्हाला फोनवर गुलाबाच्या फुलासकट ‘सुप्रभात’ येतो ना, तेवढं एक चित्रही त्यात मावलं नसतं.

या यंत्राला आज्ञा द्यायची तर ती त्याच्याच सांकेतिक भाषेत लिहून, कागदी फितीला भोकं पाडून द्यावी लागे. ते वापरणारी माणसं म्हणजे गणिती आणि भौतिकशास्त्रज्ञ. त्यांना बिघडण्याची भीती नव्हती, कारण बिघडलं तर दुरुस्त करणारेही तेच होते. हे मी मुद्दाम सांगतो. यंत्र अवघड असतं किंवा सोपं असतं असं आपण म्हणतो, पण खरं तर ते कुणासाठी केलेलं आहे एवढाच प्रश्न असतो. टिफ्रॅक त्यांच्यासाठी पुरेसं सोपं होतं. किनाऱ्यालगत काही मिनिटांच्या अंतरावर जाळी विणणाऱ्या माणसाचा त्या हिशेबात विचारच नव्हता, आणि असण्याचं कारणही नव्हतं.

हा विचार पहिल्यांदा नेटाने झाला तो अमेरिकेत. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका परिषदेत माउस हातात धरून पडद्यावरचा मजकूर हलवून दाखवला. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत १९७३ मध्ये ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. तिथे लॅरी टेस्लर नावाचे एक गृहस्थ होते. कापा, चिकटवा, नक्कल करा, या आज आपल्या हातवळणी पडलेल्या गोष्टी मुख्यतः त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या. त्यांची मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट अशी, की नव्यानेच नोकरीला लागलेल्या एका सेक्रेटरीला त्यांनी रिकाम्या पडद्यासमोर बसवलं आणि विचारलं, इथे एक कागद आहे असं समजा, त्यातला हा शब्द तुम्हाला खोडायचा आहे, तर तुम्ही काय कराल? ती जे बोलली, तिने जे हातवारे केले, ते त्यांनी टिपून घेतलं आणि यंत्राला तसं वागायला शिकवलं. माणसाला यंत्र शिकवण्याऐवजी यंत्राला माणूस शिकवायचा.

टेस्लर आणि त्यांच्या पिढीने आणखी एक गोष्ट ओळखली होती. माणूस यंत्राला भितो तो चुकीला भितो म्हणून, आणि चूक परत घेता आली तर भीती उरत नाही. झालेली कृती मागे घेण्याची ही सोय अ‍ॅपलच्या १९८३च्या ‘लिसा’त आणि जानेवारी १९८४ मध्ये आलेल्या मॅकिंटॉशमध्ये मेनूत जाऊन बसली. मराठीत आता तिला ‘पूर्ववत करा’ म्हणतात. शब्द जरा सरकारी आहे, पण अर्थ नेमका आहे. मावशींच्या प्रश्नाला इतकं थेट उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं मला माहीत नाही.

मॅकिंटॉशने पडदा म्हणजे एक टेबल अशी कल्पना घराघरात नेली. टेबलावर कागद, कागद ठेवायला फोल्डर, नको ते टाकायला कचऱ्याचा डबा. कल्पना छानच, पण ती कारकुनाच्या खोलीतून आलेली आहे हे आपण विसरतो. ज्यांचं आयुष्य टेबलाभोवती गेलं त्यांना ती चटकन कळली. मच्छीमार नगरात मी फोल्डरचं चित्र दाखवलं तेव्हा एकीने विचारलं, ही पिशवी कसली? कचऱ्याच्या डब्यातून वस्तू परत काढता येते म्हटल्यावर तर सगळ्याच हसायला लागल्या. समुद्रात टाकलेलं कधी परत मिळतं का?

मायक्रोसॉफ्टने १९९० मध्ये विंडोज ३.० आणलं तेव्हा सोबत पत्त्यांचा एक डाव दिला होता, सॉलिटेअर. माउसने वस्तू उचलून दुसरीकडे ठेवण्याची सवय लोकांना खेळता खेळता लागावी हा त्यामागचा एक हेतू असल्याचं सांगतात. आपल्या कचेऱ्यांमध्ये ही सवय किती पक्की झाली हे ज्यांनी नव्वदच्या दशकात एखाद्या खिडकीसमोर रांग लावली आहे त्यांना सांगायला नको. पुढे १९९५ मध्ये याच कंपनीने ‘बॉब’ नावाचा प्रकार आणला. पडद्यावर एक घर, घरात खोल्या, खोलीत भिंतीवर कॅलेंडर आणि टेबलावर कागद-पेन, आणि सगळं समजावून सांगायला एक पिवळा कुत्रा. इतकं सोपं की लोकांना तो अपमान वाटला. वर्षभरातच तो गुंडाळावा लागला. मोठ्या माणसाला बाळबोध भाषेत शिकवू नये, हा धडा प्रौढ साक्षरता वर्ग चालवणाऱ्या आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना आधीपासून माहीत होता. बॉबच्या कर्त्यांना तो बराच महाग पडला.

आता आपल्याकडे येऊ. इथे चित्रं, माउस, खिडक्या हे सगळं आयतं आलं. अडलं ते अक्षरापाशी.

देवनागरी आणि यंत्र यांचं भांडण जुनं आहे. खिळे जुळवून छपाई करायची तर इंग्रजीला थोडक्या खिळ्यांत भागायचं आणि मराठीला काना-मात्रा-जोडाक्षरांसह शेकड्यांनी खिळे लागायचे. त्यामुळे लिपीच सोपी करावी, यंत्राला मानवेल अशी करावी, असा विचार टिळकांपासून सावरकरांपर्यंत अनेकांनी मांडला. सावरकरांनी तर अ-ची बाराखडीच सुचवली. टाइपरायटर आला तेव्हा हेच पुन्हा झालं. मराठी टाइपरायटरवर अर्धं अक्षर उमटवायचं आणि मग दंड देऊन ते पूर्ण करायचं. ऱ्हस्व वेलांटी ऐकू येते व्यंजनानंतर, पण मारायची आधी. गोदरेजने १९५५ मध्ये आपल्या देशातला टाइपरायटर तयार केला आणि गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथल्या जिन्याखालच्या आणि माळ्यावरच्या टायपिंग क्लासांतून हजारो मुलामुलींनी मराठी तीस-चाळीसच्या परीक्षा दिल्या. ज्याला पोटासाठी ते करायचं होतं त्याने सहा महिने बोटं झिजवून ते केलं. पण एक पत्र लिहायला म्हणून कुणी टाइपरायटरवर बसलं असं घडलं नाही. ते कसबी माणसाचं यंत्र होतं.

संगणकाने पहिल्यांदा हे भांडण उलट दिशेने सोडवण्याची शक्यता निर्माण केली. आता लिपी यंत्रासाठी वाकवायची गरज नव्हती, यंत्राला लिपीचं व्याकरण शिकवता येणार होतं. त्याचे सुरुवातीचे काही प्रयत्न पुन्हा कुलाब्यातच झाले, हा एक योगायोग. टाटा इन्स्टिट्यूटच्या छत्राखाली सॉफ्टवेअरवर काम करणारं एक राष्ट्रीय केंद्र होतं. तिथे सत्तरच्या दशकात एस. पी. मुदूर आणि लिपितज्ज्ञ ल. श्री. वाकणकर यांनी संगणकाकडून देवनागरी जुळणी करून घेण्यावर काम केलं. हेच केंद्र पुढे १९८५ मध्ये स्वतंत्र झालं आणि जुहूला गेलं. उत्तरेत कानपूरच्या आयआयटीत ऐंशीच्या दशकात वेगळा प्रयत्न चालू होता. तिथल्या मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी एक कार्ड तयार केलं. ते कॉम्प्युटरमध्ये खोचलं की इंग्रजी पडद्यावर भारतीय अक्षरं उमटत. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली तेव्हा हे काम तिथे आलं आणि ‘जिस्ट’ या नावाने प्रसिद्ध झालं.

याच काळात इनस्क्रिप्ट हा कळफलक ठरला. मी त्याचा थोडा भक्त आहे, तेव्हा दोन मिनिटं त्याच्यावर काढतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. साधी कळ दाबली तर ‘क’, शिफ्ट धरून दाबली तर ‘ख’. ‘ग’ आणि ‘घ’ एका कळीवर, ‘त’ आणि ‘थ’ एका, ‘प’ आणि ‘फ’ एका. म्हणजे आपण शाळेत पाठ केलेली वर्णमालाच तिथे मांडून ठेवली आहे. आधी मारायची वेलांटी नाही, अर्धं अक्षर आणि दंड नाही. जसं बोलता, त्या क्रमाने मारा. अक्षर कसं जोडायचं ते यंत्र बघेल. आणि मराठी, बंगाली, तमिळ, सगळ्यांची मांडणी सारखी.

मच्छीमार नगरात मला याचं एक सुंदर उदाहरण मिळालं. एका मुलाला आपल्या होडीचं नाव लिहायचं होतं आणि त्यात ‘दर्या’ होता. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. एका रफारात सह्याद्री आणि अरबी समुद्राचा फरक! हिंदीला असा भेद करावा लागत नाही, त्यामुळे बाहेर बसून मराठी अक्षरांचा विचार करणाऱ्याच्या तो सहज नजरेतून सुटतो. इनस्क्रिप्टमध्ये दोन्ही लिहिता येतात आणि फरक फक्त एका शिफ्टचा आहे. मुलाने आधी चुकून शिफ्ट दाबून ठेवलं आणि होडी डोंगरात गेली. त्यावर खोलीत जो हशा पिकला, त्याने पुढचे दोन तास भीती कुठल्या कुठे पळाली.

पण हे सगळं इतकं शहाणपणाचं असताना ते चाललं का नाही? कारण १९९० नंतर बाजारात मराठी आलं ते फॉन्टच्या रूपाने. वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापले फॉन्ट काढले, ते दिसायला देखणे होते, वर्तमानपत्रं आणि छापखाने त्यांच्यावर चालले, त्यांचं ऋण नाकारण्यात अर्थ नाही. परंतु प्रत्येकाने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपल्या मर्जीने मराठी तुकडे बसवले होते. एकाचा ‘क’ जिथे, तिथे दुसऱ्याचा उकार. दादरच्या दुकानात टाइप केलेली लग्नपत्रिका परळच्या कॉम्प्युटरवर उघडली की इंग्रजी अक्षरं आणि उद्गारचिन्हं यांची भेळ दिसायची. शिवाय कळफलक तीन तऱ्हेचे: टायपिंग क्लासवाल्यांना जुना टाइपरायटरचाच हवा, सरकारी प्रमाण इनस्क्रिप्ट, आणि बाकीच्यांना इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहायचं. हौशी माणसाने यात शिरावं कसं? त्याने आपलं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला सुरुवात केली, आणि ‘मी उद्या येतो’ हे वाक्य कितीतरी वर्षं रोमन कपडे घालूनच फिरलं.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड, जगातल्या सगळ्या लिप्यांना एकच क्रमांकपद्धती. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची. त्यातली देवनागरीची मांडणी आपल्याच सरकारी प्रमाणावर, १९८८च्या इस्कीवर बेतलेली आहे, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली आणि तिच्यासोबत ‘मंगल’ हा फॉन्ट. तो केला होता मुंबईच्या र. कृ. जोशी यांनी. जाहिरातक्षेत्रात नाव काढलेले, पवईच्या आयआयटीत शिकवलेले, कवी, सुलेखनकार. ज्या केंद्राचा मघाशी उल्लेख केला त्या जुहूच्या केंद्रात त्यांनी उतारवयात भारतीय अक्षरांसाठी काम केलं. फेब्रुवारी २००८ मध्ये ते गेले. सरकारी परिपत्रक, पोटगीचा अर्ज, प्रेमपत्र, कोट्यवधी मजकूर त्यांच्या अक्षरांत वाचला गेला आहे आणि वाचणाऱ्यांना त्यांचं नाव ठाऊक नाही. मंगलचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आहेत अशी कुरकुर मराठी माणूस करतो. ती रास्त आहे. मीही करतो.

तरीही घरच्या कॉम्प्युटरवर मराठी उमटवणं तेव्हा सोपं नव्हतं. विंडोज एक्सपीमध्ये मराठी होती, पण निजलेली. ती जागी करायला सेटिंगच्या दुसऱ्या पानावर जाऊन एका चौकटीत खूण करायची, आणि तसं केलं की यंत्र विचारायचं, मूळ सीडी घाला. आता मूळ सीडी कुणाकडे असायची? मच्छीमार नगरातल्या त्या कॉम्प्युटरसाठी ती सीडी मिळवायला मला चार दिवस लागले. सोय केलेली होती, फक्त ती कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्या गावी दिलेली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, आणि पहिल्या काही वर्षांत तिथे येणाऱ्या नवख्याचा पहिला प्रश्न लेखाबद्दल नसून ‘इथे मराठी लिहायचं कसं’ हाच असायचा. ‘अॅपल’मधला ‘अॅ’ म्हणजे अ-वर चंद्र. त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळायला २००८ उजाडलं.

आपल्या राज्याने या भीतीवर सगळ्यांत मोठा घाव घातला तो २००१ मध्ये. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. सरकारी नोकरीला तो आवश्यक ठरला आणि तालुक्या-तालुक्यांत केंद्रं निघाली. आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी तो केला आहे. नावं ठेवणारे म्हणतात, परीक्षेपुरतं पाठांतर. असेलही. पण पन्नाशीच्या तलाठ्याने आणि गिरणगावातल्या चाळीतल्या गृहिणीने पहिल्यांदा माउस धरला तो याच वर्गांत, आणि पुस्तक मराठीत होतं. मी या अभ्यासक्रमाला मनापासून सलाम करतो. माझी तक्रार एवढीच, की त्याने माणसाला यंत्र शिकवलं. यंत्राला माणूस शिकवण्याचं टेस्लर यांचं काम आपल्याकडे कुणी अंगावर घेतलं नाही.

घेतलं असतं तर काय दिसलं असतं, याच्या खुणा आपल्याकडेच आहेत. २६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीत कालकाजीला सुगत मित्रांनी भिंतीत भोक पाडून एक कॉम्प्युटर बसवला आणि झोपडपट्टीतल्या मुलांसाठी उघडा सोडला. पुढे हा प्रयोग आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही झाला. कुणी शिकवलं नाही, मुलं शिकली. मला त्यातले शब्द आवडतात. पडद्यावरच्या बाणाला दिल्लीतली ती मुलं ‘सुई’ म्हणत आणि यंत्र विचारात पडलं की दिसणाऱ्या वाळूच्या घड्याळाला ‘डमरू’. घड्याळ त्यांनी पाहिलंच नव्हतं, डमरू पाहिला होता. आणि १९९८ मध्ये वारणानगरला कोल्हापूर-सांगलीतल्या सुमारे सत्तर गावांना कॉम्प्युटरने जोडणारा प्रकल्प झाला. शेतीची माहिती, बाजारभाव, सगळं गावात मिळावं ही अपेक्षा. काही वर्षांनी संशोधकांनी जाऊन पाहिलं तर शेतकरी त्या केंद्रात येत होते ते मुख्यतः आपला ऊस किती भरला आणि खताचा हिशेब काय हे विचारायला. मग सात गावांत कॉम्प्युटर बाजूला ठेवून साध्या मोबाइलवर संदेश पाठवून हीच माहिती द्यायला सुरुवात झाली, आणि ते लोकांना पसंत पडलं. त्यांना दहा प्रश्न नव्हते, एकच होता.

मच्छीमार नगरातही मला हेच शिकायला मिळालं. ज्या तांडेलला कॉम्प्युटरची खुर्ची नको वाटत होती, त्याच्या होडीवर जीपीएसचं यंत्र होतं आणि ते तो डोळे मिटून चालवायचा. कुठल्या खडकापाशी जाळं फाटतं, कुठे मासळी लागली, त्या जागा त्याने त्यात साठवलेल्या. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. त्याआधी ते शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवायचं, नंतर एकदम नेमकं झालं. त्या तांडेलला क्लिंटनसाहेबांचा निर्णय ठाऊक नव्हता, पण यंत्र त्या सालापासून ‘खरं बोलायला लागलं’ हे त्याला बरोबर आठवत होतं. यंत्रावरची अक्षरं इंग्रजी होती, आणि त्याला इंग्रजी येत नव्हतं. मग कसं जमलं? ते यंत्र त्याच्याच प्रश्नाचं उत्तर देत होतं: मी कुठे आहे, आणि घर कुठल्या बाजूला?

आता माझी तक्रार. सरकारी कारभार संगणकावर येऊ लागला तेव्हा, सामान्य माणसाला यंत्र जड जातं हे सगळ्यांना कळत होतं. त्यावर उत्तर काय निघालं? मधे एक माणूस बसवा. आधी सेतू केंद्रं, मग महा ई-सेवा केंद्रं. अर्जदार काचेच्या या बाजूला, कळफलक त्या बाजूला. मुंबईला हे नवं नाही. जीपीओच्या बाहेर छत्रीखाली बसणारे पत्रलेखक गावाकडच्या बायकोला नवऱ्याचं पत्र लिहून देत, मनीऑर्डर भरून देत. त्यांनी हजारो अडलेल्या माणसांची सेवा केली, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण पत्रलेखकाची सोय झाली म्हणून कुणी शाळा बंद केल्या नाहीत.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हल्लेखोर याच मच्छीमार वस्तीच्या किनाऱ्यावर रबरी होडीतून उतरले. त्यानंतर कोळ्यांच्या आयुष्यात कागद एकदम वाढले, आणि ते कागद कॉम्प्युटरमध्ये होते. नौकेची ऑनलाइन नोंदणी, परवाना, खलाशांची बायोमेट्रिक ओळखपत्रं, डिझेलच्या परताव्याचे तपशील. ज्यांच्या किनाऱ्यावर संकट आलं त्यांनाच आपण कोण आहोत हे पडद्यावर सिद्ध करायची पाळी आली. आणि तिथे नावात एक वेलांटी चुकली की परतावा अडतो. स्वतः टाइप करता येणारा ती चूक पडद्यावर बघून तिथल्या तिथे सांगतो. काचेपलीकडून बघणाऱ्याला ती महिन्याभराने, कागद परत आल्यावर कळते. हे मी एका घरात पाहिलं आहे. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं; माणूस तोच, होडी तीच, आणि हेलपाटे अकरा.

आता फोन आले. बोललं की मराठी उमटतं, बोटाने अक्षर गिरवलं तरी उमटतं. मच्छीमार नगरातल्या बायका फोनवरून मासळीचे फोटो पाठवून गिऱ्हाइकं करतात, त्यांना कुणी शिकवायला गेलं नव्हतं. पण अर्जांची पानं बऱ्याच ठिकाणी अजून मोठ्या पडद्याचा विचार करून केलेली असतात आणि फोनवर त्यांचं शेवटचं बटण चौकटीबाहेर जातं. तेव्हा पुन्हा केंद्र, पुन्हा काच.

त्या मावशींचं सांगायचं राहिलं. पहिल्या संध्याकाळी मी त्यांच्या प्रश्नाला ‘नाही हो, काही बिघडत नाही’ असं उत्तर दिलं होतं, आणि त्यांनी ते मुळीच मानलं नव्हतं. लिलावात उभ्या राहिलेल्या बाईला माल बघितल्याशिवाय शब्दावर विश्वास ठेवायची सवय नसते. सीडी मिळाल्यावर, पाचव्या-सहाव्या संध्याकाळी, त्यांनी एका बोटाने स्वतःचं नाव टाइप केलं. जोडाक्षर होतं, ते जुळलं तेव्हा मान डोलावली. मग मी ते सगळं निवडून खोडून टाकलं. त्यांचा चेहरा पडला. म्हटलं, आता या दोन कळा एकत्र दाबा. त्यांनी दाबल्या आणि नाव होतं तिथे परत आलं.

त्यांनी माझा हात बाजूला केला. स्वतः खोडलं, स्वतः परत आणलं. पुन्हा खोडलं, पुन्हा आणलं. मागे बायकांची रांग लागली होती, पण त्या उठायला तयार नव्हत्या. असं सहा-सात वेळा झाल्यावर मागून कुणीतरी ओरडलं, “अगो, पहाटे डॉकला जायचं हाय ना?” तेव्हा कुठे त्या उठल्या, आणि जाताना प्लास्टिकचं आवरण त्यांनीच घातलं.